चावडीवर न वाचलेल्या दोन ओळी

सारजा,

तुला जाऊन आज दहा दिवस झाले. बसायला येणाऱ्यांची रीघ अजून थांबलेली नाही. येतात, ओट्यावर टेकतात, तांब्याभर पाणी पितात आणि एकच वाक्य बोलून उठतात. "भरल्या कपाळानं गेली. विभूतीच्या घरात नांदली, जन्मात नारू ठावं न्हाय तिला." आठ दिवस मी मान हलवली. नवव्या दिवशी सकाळी पाटलाची म्हातारी आली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "अण्णा, तुमच्या हाताच्या गुणानं तिचे पाय शेवटपत्तोर धड राहिले बगा."

मी ओरडलो, "माझ्या न्हाय, तिच्या!"

म्हातारी दचकली. सुनेला म्हणाली, "चल गं, अण्णांचं डोकं ठिकाणावर न्हाय."

डोकं ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर आलं आणि ऐकायला तू नाहीस, याचाच संताप होतो. म्हणून लिहितो. तुला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, आणि सगळं वाटोळं तिथंच झालं.

माझं काम तुझ्याइतकं जवळून कुणी पाहिलं नाही. नारू काढणं माझ्या आज्याचं, मग बापाचं, मग माझं. पायावर फोड येतो, विस्तव ठेवल्यासारखी आग होते, आणि त्यातून सुतासारखा पांढरा किडा डोकावतो. हातभर लांब. थंड पाण्यात पाय सोडला की तो तोंड बाहेर काढतो. मग त्याला तुरीच्या काडीला धरायचं आणि रोज दोन बोटं गुंडाळायचं. पंधरा दिवस, कधी महिना. घाई केली तर तुटतो, आणि तुटला की पाय पिकतो. माझ्या हातून सहसा तुटत नसे. धोतऱ्याची पानं गरम करून बांधायचो, वर विभूतीचं बोट लावायचो. कळंब, येरमाळ्याकडून बैलगाड्या भरून माणसं यायची. मी चावडीवर गेलो की बसलेले उठायचे.

बारवेच्या शेवटच्या पायरीवर डाव्या अंगाला माझी बैठक. उन्हाळ्यात रोज सकाळी आठ-दहा माणसं तिथं पाण्यात पाय सोडून ओळीनं बसलेली असायची. उजव्या अंगाला बाया घागरी बुडवायच्या. डावं अंग नारूचं, उजवं पिण्याचं, अशी वाटणी आज्यानं करून दिली होती आणि गाव ती सोवळ्यासारखी पाळत होतं. चुकून एखादी पोर डाव्या अंगाला गेली तर मी तिच्यावर खेकसायचो. मधे भिंत नव्हती, साधी दोरी नव्हती. पाण्याला ही वाटणी कुणी सांगितली होती?

आणि आपल्या घरात नारू नव्हता. आई-बापाच्या वेळी होता. माझ्या बापाच्या दोन्ही पायांवर वण होते, माझ्या पोटरीवर लहानपणीचा एक आहे. तू घरात आलीस आणि दोन-तीन वर्षांत तो थांबला. गावानं त्याचा अर्थ लावला की मठातल्या गुरूची विभूती माझ्या हाताला लाभली. मला तो अर्थ आवडला. मीही तोच सांगायला लागलो.

तू भूमची. तुझ्या माहेराला लागून एका जैन दुकानदाराचं घर होतं, आणि त्या घरातल्या काकींच्या मागं-मागं तू वाढलीस. पाणी गाळल्याशिवाय त्या तोंडाला लावत नसत. तूही तेच घेऊन आलीस. जुन्या लुगड्याचं दुपदरी फडकं घागरीच्या तोंडाला बांधायचं आणि वरून सावकाश पाणी ओतायचं. आईनं पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं. "लिंगायताच्या घरात जैनीण आली गं बाई! पाणी काय पीठ हाय चाळून घ्यायला?"

"आत्याबाई, पिऊन तर बगा. गोड लागतंय."

"बारव तुझ्या बापानं खांदली व्हय, गोड व्हायला?"

पण आई प्याली. तुझ्या हातचं सगळं ती नावं ठेवत खायची आणि प्यायची. एक गोष्ट मात्र तू त्या काकींची पाळली नाहीस. फडक्यात अडकलेले जीव परत पाण्यात सोडायचे, हा त्यांचा नेम. पहिली काही वर्षं तू तोही केलास. नंतर फडकं उन्हात दगडावर आपटायला लागलीस. म्हणालीस, "काकींचा धरम मोठा हाय, पण ह्यांला मी माघारी न्हेऊन सोडणार न्हाय."

कारण तू पाहिलं होतंस. एका दुपारी फडक्यातलं पाणी पितळी थाळीत घेऊन तू उन्हात बसलीस आणि मला हाक मारलीस.

"अवो, ह्ये बगा. टाचणीच्या टोकाएवढं. उड्या मारतंय."

"पाणी म्हटलं की जीव असायचाच."

"ह्ये प्यालं की कुठं जातंय?"

"पोटात जिरतंय."

"आन् जिरलं न्हाय तर? तुमी तितं पाय बुडवून बसवता. त्या पायातनं काय सुटतंय, कुणाला ठावं? आन् आमी त्येच पाणी भरतो."

मी म्हणालो, नारू अंगातल्या उष्णतेनं होतो, बापजाद्यांनी सांगितलंय. तू थाळी खाली ठेवलीस. "मग ओढ्याकडच्या वस्तीला उष्णता न्हाय व्हय?"

ज्यांना आपण बारवेच्या पहिल्या पायरीवरसुद्धा पाय ठेवू दिला नाही, ती माणसं ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून पाणी प्यायची. त्यांच्यातलं कुणी कधी माझ्याकडं नारू घेऊन आलं नाही. मला वाटायचं, विटाळाच्या भीतीनं येत नसतील. तू त्यांच्या बायांना शेतात विचारून आली होतीस. त्यांच्यात नारू नव्हताच. "त्ये कुठं विभूती लावत्यात?" तू म्हणालीस. आपण आपलं पाणी त्यांच्यापासून राखलं, सारजा. त्यांच्यावर केलेला तेवढा अन्यायच त्यांच्या पायांना मानवला.

मी चिडलो. बाहेर हे बोललीस तर भूमला धाडून देईन, असं म्हणालो.

"धाडा की. तितं गाळलेलंच पाणी हाय."

तेव्हा मला हसू आलं, तुलाही आलं, आणि भांडण तिथंच विरलं. अशीच आपली सगळी भांडणं विरली. त्या हसण्याचा मला आज राग येतो. हसलो नसतो तर कदाचित तू मला असं सुटू दिलं नसतंस.

आता त्या दिवसाचं सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी, विलायतेतली मोठी लढाई चालू होती तेव्हा, ऐन उन्हाळ्यात तहसिलीचा चपराशी एक कागद घेऊन आला. पटवारी कळंबला गेलेला. निजामाचं राज्य, म्हणून हुकूम उर्दूत. गावात उर्दू वाचणारा दुसरा माणूस मी, कळंबच्या मदरशात चार वर्षं छड्या खाऊन शिकलेला. चावडीवर माणसं जमली. पाटील म्हणाले, "अण्णा, वाचा. सरकार काय म्हणतंय?" बाया घागरी घेऊन लिंबाखाली थांबल्या. त्यांच्यात तू होतीस. आपल्या लेकीची, मथुरेची, सासू होती.

मी आधी मनात वाचला. बारवेत जनावरं धुऊ नयेत, कचरा टाकू नये, असं वर लिहिलं होतं. खाली दोन ओळी होत्या. नारू झालेल्या माणसानं पिण्याच्या पाण्यात पाय घालू नये. पाणी दुपदरी कापडातून गाळूनच प्यावं.

दुपदरी कापड, सारजा. सरकारच्या कागदावर. तुझं फडकं.

मी वरच्या ओळी मोठ्यानं वाचल्या, कागदाची घडी घातली आणि पाटलांच्या हातात दिली. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि खुंटीला अडकवला.

लोक म्हणतील, अण्णा घाबरले असतील, रझाकारांचा काळ जवळ येत होता, सरकारचं कशाला कुणी ऐकायचं. खोटं आहे. मी घाबरलो ते तुला. त्या दोन ओळी वाचल्या असत्या तर लिंबाखालच्या सगळ्या बायांनी वळून तुझ्याकडं बघितलं असतं. तीस वर्षं मी गावाचे नारू काढत नव्हतो, पेरत होतो, हे त्याच क्षणी कळलं असतं. चावडीवर कुणी माझ्यासाठी उठलं नसतं. एवढ्यासाठी. माणसांनी उठून उभं राहावं एवढ्यासाठी.

संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस. न बघता विचारलंस, "एवढंच लिवलं व्हतं?"

"एवढंच."

"कागूद तर लांब दिसत व्हता."

"सरकारी कागद लांबच असतो."

तू भाकरी उलटलीस. त्यानंतर मी कित्येकदा तुझ्याकडं बघत बसायचो. तू फडकं बांधताना थांबायचीस, ते हातात धरून बघायचीस. मला कळायचं, तू स्वतःवरच शंका घेते आहेस. अख्ख्या मुलखात एकटी तूच असं मानतेस, मग तूच चुकत असशील, असं तुला वाटत होतं. आणि तू चुकत नाहीस याचा पुरावा मी पाठ करून बसलो होतो.

मथुरा तेव्हा नुकतीच सासरी गेलेली. उशिरा झालेली आपली एकुलती पोर, दोन गल्ल्या पलीकडं दिलेली. तिनं सासरी फडकं बांधायचा प्रयत्न केला. सासू म्हणाली, "तुझ्या बापाच्या घरात गुरूची कृपा हाय, फडक्याची न्हाय. हितं आईची थेरं नकोत." तरी ती बाई माझ्याकडं विचारायला आली, हे तिचं मोठेपण. आपल्या ओट्यावर बसून तिनं सरळ विचारलं, "अण्णा, खरं सांगा. गाळून काय व्हतंय का?" तू उंबऱ्याच्या आत उभी होतीस. मी म्हणालो, "बायकांचं येड हाय. तिला समजावून सांगा." हुकूम वाचून आठ दिवससुद्धा झाले नव्हते.

त्या उन्हाळ्यात पोरगी जे पाणी प्याली, ते पुढच्या उन्हाळ्यात तिच्या गुडघ्यातून बाहेर आलं.

मी काडीला धरला. नऊ दिवस नीट चाललं. दहाव्या दिवशी माझ्या हातून नारू तुटला. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. पोरगी दोन महिने तापात पडून होती. उठली तेव्हा पाय सरळ काठीसारखा, गुडघा वळायचा बंद झालेला. तिच्या अंथरुणाशी बसून तू मला एवढंच म्हणालीस, "हातानं तुटला ह्येचं मला काय न्हाय. त्यो तिच्या पायात गेला कसा, त्येवढं सांगा."

मी उठून बाहेर गेलो.

त्यानंतर तू वाद घातला नाहीस. एकदाही नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी गाळलेल्या पाण्याची घागर डोक्यावर घेऊन मथुरेच्या दारात उभी राहायला लागलीस. तिच्या सासूला काय सांगितलंस ते मला महिन्यानं कळलं. "अण्णांनी विभूती घातलेलं पाणी हाय, घरातल्या सगळ्यांनी प्या." मग ती बाई दोन्ही हातांनी घागर उतरवून घ्यायची. हळूहळू शेजारच्या दोन घरांनीही मागितलं. तुझं वय झालेलं, मान दुखायची, तरी दिवसाला सहा खेपा. खरं पाणी लोकांच्या गळ्याखाली उतरावं म्हणून तुला माझं खोटं वापरावं लागलं. त्या तीन घरांत पुन्हा नारू निघाला नाही. त्याचं श्रेयही माझ्याच पदरात पडलं, आणि मी ते घेतलं.

मी तुझ्यावर चिडलो आहे, हेही लिहून ठेवतो. तू बारवेवर उभी राहून बोंब का मारली नाहीस? माझ्या तोंडावर फडकं का फेकलं नाहीस? घागरी वाहत बसलीस. हा राग चोराचा आहे, मला कळतं. दार मीच बाहेरून लावलं आणि आता आतल्या माणसाला विचारतोय की बाहेर का आली नाहीस. पण राग आहे तो आहे.

निजामाचं राज्य गेलं. वर्षभरानं एक तरुण सरकारी डॉक्टर आला, भिंगाची नळी आणि काचेच्या पट्ट्या घेऊन. नारू पाण्यातून कसा होतो, ते चावडीवर समजावून सांगून गेला. कुणी ऐकलं नाही. कुणीतरी त्याला म्हणालं, नारू नसलेलं घर बघायचं तर अण्णांचं बघा. म्हणून तो आपल्या दारात आला. तू अंथरुणावर होतीस, छाती भरलेली, श्वास लागलेला. त्यानं मला विचारलं, "काका, तुमच्या घरात का नाही?" मी म्हणालो, "गुरूची कृपा." तू आतून ऐकलंस.

पोरगा हुशार. त्याची नजर घागरीवरच्या फडक्यावर गेली. ते उचलून त्यानं बारवेचं पाणी त्यातून ओतलं, फडक्यावरचा थेंब काचेवर घेतला आणि नळी तुझ्या डोळ्याशी धरली. "आजी, बघा." तू कितीतरी वेळ बघत राहिलीस.

"लेकरा, ह्ये तुमाला कवा कळलं?"

"हे जुनंच आहे, आजी. निजामाच्या वेळीही गावोगाव हुकूम गेले होते, गाळून प्या म्हणून. उर्दूत असायचे. कुणी वाचले असतील का, देव जाणे."

"आमच्या गावात वाचला व्हता," तू म्हणालीस आणि माझ्याकडं बघितलंस.

डॉक्टर गेला. तू छताकडं बघत म्हणालीस, "म्हंजी मी येडी नव्हते."

"नव्हतीस," मी म्हणालो.

तू डोळे मिटलेस. चार दिवस जगलीस. माझ्या हातून पाणी घेतलंस, औषध घेतलंस, पण बोलली नाहीस. मथुरा रोज येऊन बसायची. तिलाही काही सांगितलं नाहीस. सांगायचं काम माझं होतं, ते तू माझ्याकडंच ठेवलंस. रागानं ठेवलंस का विश्वासानं, ते मला ठरवता येत नाही, आणि मला सोपं जाईल ते मी ठरवणार नाही.

काल दुपारी चावडी भरली. पाण्यात कुणाचा पाय पडू नये म्हणून डॉक्टरच्या सांगण्यावरून बारवेच्या पायऱ्या बुजवायला गवंडी येणार होते, त्यानं गाव खवळलं होतं. डॉक्टरही होता. पाटील मला म्हणाले, "अण्णा, तुमीच सांगा ह्येला. पायऱ्या बुजल्या तर तुमी बसणार कुठं?"

"मी आता बसणार न्हाय," मी म्हणालो. आणि त्या दोन ओळी आधी उर्दूत म्हटल्या, मग मराठीत. कोणत्या कागदावर होत्या, कुणी वाचल्या नाहीत, का वाचल्या नाहीत, सगळं सांगितलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, दुःखात काहीबी बोलू नका."

दुसऱ्यानं विचारलं, "मग तुमच्या घरात नारू का न्हाय?"

"सारजा पाणी गाळायची म्हणून."

"म्हंजी आमी इतकी वर्सं एका फडक्याला नारळ फोडले व्हय?" दोघं-तिघं हसले. बाकीचे हसले नाहीत. मी पायातले वण ओळखतो, सारजा. तिथं बसलेल्या निम्म्या पायांवर माझ्या काडीचे वण होते, आणि ते पाय हळूहळू धोतराखाली ओढले जात होते. लिंबाखालून मथुरेच्या सासूनं विचारलं, "आन् घागरीतली विभूती?"

"विभूती नव्हती. नुसतं गाळलेलं पाणी होतं."

पुढं ठरायचं ते ठरलं. पायऱ्या दगड-चुन्यानं बुजवणार आणि वरून रहाट बसवणार. बैठकीत आरडाओरडा झाला, पाटलांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते असो. पण ते ठरायच्या आधी एक गोष्ट घडली.

मथुरा लिंबाच्या बुंध्याला टेकून उभी होती. ती निघाली. तिच्या घराकडची गल्ली चावडीच्या पलीकडं, म्हणजे भरल्या बैठकीच्या मधून जावं लागतं. माणसं सरकली, वाट झाली. तू जाणतेस ती कशी चालते. काठीसारखा पाय बाहेरून वळसा घालून पुढं टाकायचा, थांबायचं, मग दुसरा ओढायचा. सात वर्षं ती चालायला लागली की मी हातात काहीतरी घ्यायचो, पंचा झटकायचो, नाहीतर आकाशाकडं बघायचो. काल माझ्या हातात काही नव्हतं. माझ्यासमोर आल्यावर ती थांबली. मला वाटलं, आता बोलेल. तिनं पदर सारखा केला आणि पाय पुढं टाकला.

चावडी ओलांडायला तिला किती वेळ लागतो, ते मी काल पहिल्यांदा बघितलं.